हरलेल्या संघाचे भांडवल

31 ऑक्टोबर 2025 च्या रात्री दिल्लीच्या त्यागराज क्रीडासंकुलात प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना संपला, तेव्हा फलकावर 31-28 असे आकडे होते. विजयी संघ दबंग दिल्लीचा आणि पराभूत संघ पुणेरी पलटण. साखळीच्या अठरा सामन्यांत अव्वल स्थान मिळवलेला, पात्रता फेरीत तेलुगू टायटन्ससारख्या झुंजार संघाला 50-45 असे नमवून आलेला हा संघ अवघ्या तीन गुणांनी हरला. पूर्वार्धातली पिछाडी त्याने उत्तरार्धात बरीचशी भरून काढली होती. एक चढाई साधली असती, एक पकड सुटली नसती, तर निकाल उलटा लागला असता. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर परतूरला फाटा फुटतो त्या वाटूरसारख्या गावात कबड्डीचे वेड पिढीजात आहे. अशा गावांतील तरुणांनी त्या रात्री जे हळहळणे केले असेल, ते पुण्यातील प्रेक्षकांच्या हळहळीपेक्षा कमी खरे नव्हते. पुण्याच्या संघात पुण्याचे किती आणि बाहेरचे किती, हा हिशेब मराठवाड्यातील पोरे करीत नाहीत. महाराष्ट्राच्या मातीतला खेळ आणि महाराष्ट्राच्या नावाचा संघ, एवढे त्यांना पुरते.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती रात्र नव्हे. त्या रात्रीनंतरचा दिवस आहे. अंतिम सामना हरलेल्या संघाने दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावे? या प्रश्नाकडे आपल्याकडे फारसे गंभीरपणे पाहिले जात नाही. पराभव झाला की कुणाचे तरी डोके मागायचे, प्रशिक्षक बदलायचा, कर्णधाराला दूर करायचे, ही आपली जुनी सवय आहे. निवडणूक हरलेला पक्ष, निकाल खालावलेली शाळा आणि सामना गमावलेले मंडळ यांची वागण्याची तऱ्हा या बाबतीत एकच असते. प्रो कबड्डीच्या बारा हंगामांचा इतिहास मात्र या सवयीविरुद्ध साक्ष देतो आणि ती साक्ष तपासून पाहण्याजोगी आहे.

पहिल्या अकरा हंगामांत अंतिम सामना हरलेल्या संघांचे पुढे काय झाले, हे पाहावे. 2014 साली यू मुंबा जयपूरकडून 35-24 असा हरला. 2015 साली त्यानेच बंगळुरूला 36-30 असे हरवून विजेतेपद पटकावले. 2019 साली दबंग दिल्ली बंगालकडून हरला. करोनामुळे लांबलेल्या पुढच्या हंगामात, फेब्रुवारी 2022 मध्ये, त्याने पाटण्याला 37-36 असे एका गुणाने मागे टाकले. डिसेंबर 2022 मध्ये पुणेरी पलटण हरला आणि मार्च 2024 मध्ये जिंकला. त्याच मार्चमध्ये हरलेला हरयाणा स्टीलर्स डिसेंबर 2024 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत विजेता ठरला. म्हणजे अकरांपैकी चार पराभूतांनी लगेचच्या हंगामात करंडक उचलला. गुजरातचा संघ 2017 मध्ये हरल्यावर पुन्हा अंतिम फेरीत आला खरा, पण जानेवारी 2019 मध्ये पुन्हा हरला. उरलेले सहा जण पुढच्या वर्षी अंतिम फेरीपर्यंतदेखील पोहोचले नाहीत.

स्पर्धेत आरंभी आठ आणि नंतर बारा संघ होते. सर्व संघ समान बळाचे मानले, तर कोणत्याही एका संघाला विजेतेपदाची संधी आठांत एक किंवा बारांत एक. त्या हिशेबाने अकरा पराभूतांपैकी एखादाच पुढे विजयी व्हायला हवा होता, झाले चार. अकरा हा आकडा फार लहान आहे आणि त्यावरून सिद्धान्त मांडणे संख्याशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाला मानवणार नाही, हे उघड आहे. तरीही एवढे म्हणता येते की, अंतिम फेरीतील पराभव हा दुबळेपणाचा पुरावा नसतो. चाळीस मिनिटांच्या एका सामन्यात दैवाचा वाटा मोठा असतो, अठरा किंवा बावीस सामन्यांच्या साखळीत तो कमी होत जातो. म्हणून संघाची खरी किंमत साखळीवरून ठरवावी, अंतिम सामन्यावरून नव्हे. तीन गुणांच्या फरकावरून साऱ्या संघाची मोडतोड करणारा व्यवस्थापक एका दिवसाच्या बाजारभावावरून शेत विकून टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या मार्गाने जातो. फरक एवढाच की, शेतकऱ्याला बहुधा गरज असते, व्यवस्थापकाला नसते.

तरीही त्या चौघांत आणि इतर सातांत काय फरक होता, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी पुणेरी पलटणचेच उदाहरण जरा सावकाश पाहू.

17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात जयपूरने पलटणला 33-29 असे हरवले. असलम इनामदार आणि मोहित गोयत हे संघाचे दोन आघाडीचे चढाईपटू दुखापतींमुळे त्या सामन्यात खेळू शकले नव्हते. कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली. लिलावात त्याच्यावर 1 कोटी 38 लाख रुपये खर्च करून पलटणने त्याला आणले होते. त्याची कीर्ती, त्याचा अनुभव आणि त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत आणले ही वस्तुस्थिती पाहता, त्याला ठेवून इतरांना बदलावे असा मोह कुणालाही पडला असता. पलटणने नेमके उलट केले. फझलला मोकळे केले आणि तरुणांना कायम ठेवले. हे तरुण कोण होते? असलम इनामदार आणि मोहित गोयत यांनी 2021 च्या अखेरीस सुरू झालेल्या आठव्या हंगामात पलटणकडूनच पदार्पण केले होते. पंकज मोहिते त्याआधी 2019 मध्ये आला होता. अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत हे बचावपटूही संघात घडत होते. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेल्या असलमकडे कर्णधारपद आले. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्यावरचा विश्वासही व्यवस्थापनाने ढळू दिला नाही.

मग ऑक्टोबर 2023 मधील लिलावात, सांभाळून ठेवलेल्या रकमेतून, एकाच ठिकाणी मोठा हात मारला. मोहम्मदरेझा शादलुई या इराणी बचावपटूसाठी 2 कोटी 35 लाख रुपये मोजले. त्या दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर एकूण 5 कोटी रुपयांपर्यंतच खर्च करण्याची मुभा होती. म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एका माणसावर रिकामी झाली. हे उधळपट्टीचे वाटते खरे, पण तसे नव्हते. बाकीचा संघ घरात घडलेला होता आणि घरात घडलेल्या खेळाडूची किंमत बाजारातल्या खेळाडूइतकी चढलेली नसते. ज्याने घरच्या बियाण्यावर पेरणी उरकली, त्याला एखादे महागडे अवजार परवडते.

त्या हंगामात पलटणने साखळीतील 22 पैकी 17 सामने जिंकले, केवळ 2 गमावले आणि 96 गुणांनिशी पहिले स्थान मिळवले. उपान्त्य फेरीत पाटण्याला 37-21 असे हरवले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरयाणावर 28-25 असा विजय मिळवून पहिल्यांदाच करंडक पुण्यात आणला. अंतिम सामना याही वेळी तीन गुणांचाच होता. तो हरला असता तरी संघ उभारण्याची पद्धत चुकीची ठरली नसती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. यशाने पद्धत पवित्र होत नाही आणि अपयशाने ती भ्रष्ट होत नाही. पुढच्याच, अकराव्या हंगामात या संघाला पहिल्या सहांतही स्थान मिळाले नाही. शादलुई हरयाणाकडे गेला होता आणि हरयाणाने त्या वर्षी विजेतेपद मिळवले. चांगले अवजार शेजाऱ्याच्या शेतावरही तितकेच चांगले चालते!

हरयाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग यांची कथा तर याहून बोलकी आहे. खेळाडू म्हणून 2016 मध्ये पाटण्याचे कर्णधारपद भूषवून त्यांनी करंडक जिंकला होता. नंतर गुजरातचे प्रशिक्षक म्हणून ते लागोपाठ दोन अंतिम सामने हरले आणि हरयाणाचे प्रशिक्षक म्हणून तिसरा हरले. तीन अंतिम सामने गमावलेल्या माणसाला पुन्हा संधी देणे हा आपल्याकडे अपराध मानला जातो. हरयाणाने तो अपराध केला आणि त्याचे फळ त्यांना मिळाले. अर्थात, गुजरातनेही पहिल्या पराभवानंतर त्यांनाच ठेवले होते आणि त्यांच्या हाती पुन्हा पराभव आला, हेही सांगितले पाहिजे. नुसते धीर धरणे पुरत नाही. 2016 च्या मार्चमध्ये यू मुंबा पाटण्याकडून हरला तोही 31-28 असाच. अवघ्या तीन महिन्यांनी जूनमध्ये पुढचा हंगाम सुरू झाला आणि आधीचे तिन्ही अंतिम सामने खेळलेला तो संघ उपान्त्य फेरीदेखील गाठू शकला नाही. तयारीला वेळ लागतो; तो मिळाला नाही तर गुणवत्ता असूनही संघ विसविशीत होतो.

हा सारा प्रकार कबड्डीपुरता मर्यादित नाही. ऑस्ट्रेलियात त्यांच्या स्वतंत्र नियमांचा एक फुटबॉल खेळला जातो. लंबगोल मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडू असतात आणि मेलबर्नच्या प्रचंड क्रिकेट मैदानावर सप्टेंबरच्या अखेरीस त्याचा अंतिम सामना होतो. तेथेही 1980 च्या दशकापासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला मर्यादा आहे आणि नवे खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क तळाच्या संघाला मिळतो. म्हणजे अंतिम सामना हरणाऱ्याची स्थिती सर्वांत अवघड: करंडकही नाही आणि चांगला नवा खेळाडू निवडण्याचा क्रमही शेवटून दुसरा. अशा अवस्थेत 2012 साली हॉथॉर्न हा संघ सिडनीकडून 10 गुणांनी हरला. त्याने संघ मोडला नाही. दुसऱ्या संघातून ब्रायन लेक नावाचा, तिशी ओलांडलेला एक अनुभवी बचावपटू तेवढा आणला. 2013 च्या अंतिम सामन्यात सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदक त्याच लेकला मिळाले आणि हॉथॉर्नने ओळीने तीन वर्षे विजेतेपद राखले. मेलबर्न आणि पुणे यांच्यामध्ये समुद्र आहे, खेळ निराळे आहेत. पण खर्चाला मर्यादा घातली की शहाणपणाचा मार्ग दोन्हीकडे एकाच दिशेने जातो. घडवलेले राखावे, नेमकी उणीव शोधावी आणि तेवढ्यावरच पैसा ओतावा. तिथले खेळाडू सप्टेंबरात हरतात आणि तरुण मंडळी नोव्हेंबरात पुन्हा धावू लागतात. मधल्या महिन्यांचा पगार मात्र त्यांना मिळत असतो. या शेवटच्या वाक्याकडे पुढे परत यावे लागेल.

आपल्या घरचेच एक उदाहरण येथे आठवते. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांना उपान्त्य फेरीत इराणने 27-18 असे हरवले आणि महिलांना अंतिम सामन्यात इराणनेच 27-24 असे. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच शिकवणुकीने आपला पराभव झाला म्हणून त्या वेळी काहींनी नाके मुरडली. वस्तुत: तो मराठी कबड्डीचा मोठा सन्मान होता. जैन यांनी तेथील मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम यांचा समावेश केला. दम घुमवणाऱ्या खेळात श्वासाला महत्त्व असावे, हे आपल्याला सांगावे लागू नये. परंतु ज्या सातत्याने ते तिथे केले गेले, त्या सातत्याने ते आपल्याकडे किती ठिकाणी होते? पाच वर्षांनी, ऑक्टोबर 2023 मध्ये, हांगझोऊ येथे भारताच्या पुरुषांनी इराणला 33-29 असे हरवून सुवर्णपदक परत मिळवले. (पलटणच्या 2022 मधील पराभवाचे आकडेही हेच होते.) त्या भारतीय संघात असलम इनामदार आणि आकाश शिंदे हे पलटणचे दोन खेळाडू होते.

आता वाटूरकडे वळू. कारण प्रो कबड्डीच्या कोट्यवधींच्या लिलावाची चर्चा शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी मोठ्या हिरिरीने करतात, पण हा लिलाव ज्या मुळांवर उभा आहे ती मुळे खेड्यांत आहेत आणि तिथे हंगामपूर्व तयारी नावाची वस्तू अस्तित्वातच नाही.

परतूर, मंठा, घनसावंगी या भागांत जत्रा, गणेशोत्सव, शिवजयंती या निमित्ताने कबड्डीचे खुले सामने होतात. रात्री दिव्यांच्या प्रकाशात, ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात, मातीच्या मैदानावर चालणारे ते सामने पाहण्याजोगे असतात. खेळणाऱ्यांचे अंग कसलेले असते, पकडीत जोर असतो. ज्याला नजर आहे त्याला अशा प्रत्येक स्पर्धेत दोन-तीन मुले अशी दिसतात की, यांना योग्य हाती दिले तर ही कुठल्या कुठे जातील. मग त्यातलाच एखादा संघ अंतिम फेरीत हरतो. दुसऱ्या दिवशी काय होते? एक जण कापूस वेचायला जातो. दुसरा चाकण किंवा वाळूजला कंपनीत कंत्राटी कामावर रुजू होतो. तिसरा पोलीस भरतीच्या तयारीसाठी शहर गाठतो. त्याची धाव सुधारते, कबड्डी सुटते. आणि दोघे-तिघे आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात. पुढच्या वर्षी त्याच मंडळाच्या नावाने जो संघ उतरतो, त्यात आदल्या वर्षीचे दोन-तीनच चेहरे असतात. पराभवातून शिकायचे म्हटले तर शिकणार कोण? जो हरला तो तिथे राहिलेलाच नसतो.

येथे एका साम्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ऊसतोडीला जाणारे कुटुंब दिवाळीपूर्वी मुकादमाकडून उचल घेते. त्या उचलीच्या बदल्यात पुढील पाच-सहा महिन्यांचे आपले श्रम ते बांधून देते. प्रो कबड्डीचा संघही तरुण खेळाडूला काही हंगामांसाठी करारबद्ध करतो. दोन्ही करार एका अर्थाने सारखेच: उद्याच्या शरीरश्रमांचा आज ठरलेला भाव. मात्र एका करारात ते शरीर जपले जाते, त्याच्या गुडघ्याची, खांद्याची, आहाराची काळजी घेतली जाते, कारण ते मालकाचे भांडवल असते. दुसऱ्या करारात ते शरीर फक्त वापरले जाते. परतूर तालुक्यातील एकाच वयाच्या दोन मुलांपैकी कुणाच्या नशिबी कोणता करार येईल, हे त्यांच्या चढाईच्या कौशल्यापेक्षा एखाद्या चांगल्या शिक्षकाची नजर त्यांच्यावर पडली की नाही यावर ठरते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला बाजारपेठेतील माहितीचा अभाव म्हणतात. खेड्यात त्याला नशीब म्हणतात.

पैशाचा प्रश्न किती मोठा आहे? थोडा हिशेब मांडून पाहू. बारा मुलांचा एक संघ आहे असे धरा. प्रत्येकाला रोज लिटरभर दूध, चार अंडी, मूठभर शेंगदाणे, केळी असा जादा आहार द्यायचा, तर माणशी शंभर रुपये धरावेत. दिवसाला बाराशे रुपये. नव्वद दिवसांच्या तयारीचे झाले 1 लाख 8 हजार. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाच्या लिलावात सर्वांत खालच्या, म्हणजे 'ड' गटातील खेळाडूची मूळ किंमत 9 लाख रुपये होती. तेवढ्यात असे आठ संघ तीन महिने पोसता येतील. आणि एका संघाच्या 5 कोटींच्या मर्यादेत? साडेचारशेहून अधिक. परतूर तालुक्यातील गावे मोजली तरी संघ शिल्लक राहतील.

हा हिशेब व्यावसायिक संघांना दोष देण्यासाठी मांडलेला नाही. त्यांनी कबड्डीपटूला प्रथमच सन्मानाने पैसा दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शंकरराव साळवी यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून या खेळाची संघटना उभारली. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिन महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन या खेळाची प्रात्यक्षिके दाखवली. त्या पिढीतील खेळाडूंना यातून मिळाले काय? एखादा सत्कार, फार तर बँकेत किंवा रेल्वेत नोकरी. आजच्या मुलाला लाखाचा करार मिळतो ही प्रगतीच आहे. प्रश्न असा की, करार मिळेपर्यंतची जी पाच-सात वर्षे असतात, त्यांचा खर्च कोण सोसतो? आजमितीस तो खेळाडूचे कुटुंब सोसते, आणि ज्या कुटुंबाला ते जमत नाही ते शर्यतीतून बाहेर पडते. संघ जे भांडवल पुढे वापरतात, त्याची पहिली गुंतवणूक कोरडवाहू शेतीतून आलेली असते आणि तिच्यावरचे व्याज कुणी चुकते करीत नाही.

शासनाच्या बाजूने काहीच होत नाही, असेही नाही. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, परीक्षांत सवलतीचे गुण आहेत, तालुका ते राज्य पातळीपर्यंतच्या शालेय स्पर्धा आहेत. पण बारकाईने पाहिले तर या सर्व योजना जिंकल्यानंतरच्या आहेत. पदक आणा, प्रमाणपत्र आणा, मग नोकरी घ्या. राज्य पातळीवर पहिल्या तीनांत आलेल्याला लाभ मिळतो. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात तीन गुणांनी हरलेल्याला काहीच मिळत नाही. पुढच्या वर्षी जिंकण्याची सर्वाधिक शक्यता ज्याची असते, नेमका तोच या व्यवस्थेच्या नजरेतून निसटतो. विजयाला बक्षीस देणे सोपे असते, त्याचे छायाचित्रही चांगले येते. तयारीला पैसा देणे कठीण, कारण ती पहाटे पाच वाजता चालते आणि तिथे पाहुणे येत नाहीत.

शाळांची अवस्था याहून निराळी नाही. शिक्षण हक्क कायद्याने शंभरहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक वर्गांसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. प्रत्यक्षात किती खेड्यांत तो नियमाने मैदानावर दिसतो, हे शिक्षक वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. बहुतेक ठिकाणी गणिताचा किंवा हिंदीचा एखादा हौशी शिक्षक शिट्टी गळ्यात अडकवून हे काम अंगावर घेतो, स्वत:च्या खिशातून मुलांना एसटीचे भाडे देतो आणि स्पर्धेहून परतल्यावर अभ्यासक्रम मागे राहिला म्हणून बोलणी खातो. त्यातच मैदानाचा प्रश्न. आता जिल्ह्याच्या वरच्या स्पर्धा बहुधा मॅटवर होतात. मॅटवर पायाची पकड निराळी, घसरण निराळी, वेग निराळा. काळ्या मातीवर वाढलेला मुलगा, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा असलेल्या जमिनीवर सराव करणारा, एकदम मॅटवर उतरतो आणि पहिल्याच चढाईत त्याचा तोल जातो. तेव्हा पाहणारे म्हणतात, मराठवाड्याच्या पोरांत दम नाही. दम असतो, मॅट नसते.

उपाय अगदीच अशक्य कोटीतले नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी एक मॅट आणि ती अंथरायला एक छप्पर. तेथे आठवड्यातून दोन दिवस आळीपाळीने गावोगावच्या संघांना सराव. जिल्हा पातळीवर उपविजेता ठरलेल्या संघातील मुलांना पुढील स्पर्धेपर्यंत दरमहा आहारभत्ता, तोही मंडळाच्या अध्यक्षाच्या हाती न देता थेट मुलाच्या खात्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय कागदोपत्री आहेच. त्यांतील एखाद्या वसतिगृहाला खेळाची जोड दिली, तर मुलगा शाळेतही राहील आणि मैदानावरही. व्यावसायिक संघांकडूनही काही अपेक्षा करता येईल. पुणेरी पलटणचा 'युवा पलटण' हा तरुणांसाठीचा उपक्रम आहे; त्याची निवड चाचणी वर्षातून एकदा परभणी, जालना, बीड या पट्ट्यात झाली, तर संघाचा तोटा होणार नाही. घरात घडवलेला खेळाडू स्वस्त पडतो, हे त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. 2024 चा करंडक त्यांनी त्याच तत्त्वावर जिंकला.

बाराव्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत आणणाऱ्या पलटणचे प्रशिक्षक होते अजय ठाकूर, स्वत: भारताचे माजी कर्णधार. अंतिम सामन्यात पुण्याकडून सर्वाधिक झुंजला तो आदित्य शिंदे हा तरुण चढाईपटू. आणि त्याला अखेरच्या क्षणी रोखणाऱ्यांत दिल्लीकडून खेळणारा फझल अत्राचली होता, ज्याला पलटणने दहाव्या हंगामाआधी मोकळे केले होते. त्यावरून पुण्याने फझलला सोडले हीच चूक झाली, असा निष्कर्ष लगेच काढला जाईल. तो चुकीचा आहे. त्याला सोडल्यावरच पलटणने विजेतेपद मिळवले होते, आणि आदित्यला ज्या पद्धतीने एवढ्या मोठ्या सामन्यात एवढी जबाबदारी मिळाली, ती पद्धतही त्याच निर्णयाच्या पोटी जन्मली.

तो हंगाम चालू असतानाच, सप्टेंबर 2025 मध्ये, मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली होती. सोयाबीन पाण्यात उभे होते, कापसाची बोंडे सडली, ठिकठिकाणी शेतातली माती वाहून गेली. अशा वर्षी उचल घेणाऱ्या घरांची संख्या वाढते, हा या भागाचा नेहमीचा अनुभव आहे. दिल्लीतला अंतिम सामना दिवाळीनंतर दहा-अकरा दिवसांनी झाला. त्या रात्री वाटूर परिसरातील ज्या मुलांनी आदित्यची शेवटची चढाई भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिली, त्यांच्यातील काही जण तोवर कारखान्याच्या कोपीवर पोहोचलेही असतील, आणि सकाळी त्यांना कोयता घेऊन फडात उतरायचे असेल.